पुस्तकातला चेहरा, पडद्यावरचा चेहरा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गोष्ट २००१ सालच्या पावसाळ्यातली. माझी भाची तेव्हा पुण्यात शिकत होती. चार दिवसांच्या सुटीत सोलापूरला घरी आली ती उशीएवढं जाड एक इंग्रजी पुस्तक घेऊन. मैत्रिणीकडून वाचायला आणलेलं. ते चारही दिवस ती घरात असून नसल्यासारखी होती. जेवतानासुद्धा ताटाशेजारी पुस्तक उघडं. माझी बहीण वैतागून म्हणाली, "भाईजान, तुमचंच बघून ही बिघडलीय. आता तुम्हीच समजवा."

मी समजवायला गेलो आणि स्वतःच अडकलो. भाची म्हणाली, "मामू, या पुस्तकावर सिनेमा येतोय." मी म्हटलं, "मग ही तर आनंदाची गोष्ट." ती म्हणाली, "आनंद आहेच. पण भीतीही वाटतेय." आणि तिने वहीचं मागचं पान उघडून मला एक पेन्सिलचं चित्र दाखवलं. गोल चेहरा, डोक्याला मुंडासं, हातात खुरपं. "हा माझा सॅम. सिनेमातला सॅम वेगळा निघाला तर याचं काय होईल?"

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे कळलं, की त्या वर्षी जगभर असंख्य वाचक हाच प्रश्न विचारत होते. आवडत्या पुस्तकावर चित्रपट निघणार म्हटल्यावर वाचक हरखतो आणि धास्तावतोही, ते का? आज त्याविषयी थोडं बोलू.

ते पुस्तक म्हणजे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. लेखक जे. आर. आर. टॉल्किन, ऑक्सफर्ड विद्यापीठातले भाषेचे प्राध्यापक. १९५४ आणि १९५५ या दोन वर्षांत ही कादंबरी तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा दोन ओळींत सांगतो. एक अंगठी आहे. ती ज्याच्याकडे असेल त्याला अफाट सत्ता मिळते आणि त्याचं मन सडत जातं. ती वापरायची नाही, जिथल्या आगीत ती घडली तिथेच नेऊन नष्ट करायची, हे काम येतं फ्रोडो नावाच्या एका बुटक्या, घरकोंबड्या जीवावर. त्याच्यासोबत निघतो त्याचा माळी, सॅम. राजे आणि जादूगार लढाया लढतात, पण जगाचं भवितव्य या दोघांच्या दमलेल्या पायांवर अवलंबून असतं.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी. ए.पर्यंतचं. हे पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून वाचायला मला वर्ष लागलं. पण त्यात मी लगेच रमलो, कारण ही जात माझ्या ओळखीची होती. लहानपणी नानी आम्हाला अमीर हमजाची दास्तान सांगायची. त्यातल्या अमर अय्यारच्या झोळीत अख्खं जग मावायचं. त्या झोळीचा रंग मला अजून आठवतो. नानीने तो कधीच सांगितला नव्हता.

आता आधी आशेबद्दल. वाचकाला चित्रपट हवा असतो तो मुळात सोबतीसाठी. हजार पानांचं पुस्तक वाचणारा माणूस घरात बहुधा एकटाच असतो. आई विचारते, काय आहे एवढं त्यात? त्याला सांगता येत नाही. चित्रपट आला, की तो आईला शेजारी बसवून म्हणू शकतो, बघ, मी इतके दिवस इथे होतो. शिवाय जे मनात धूसर दिसलं ते डोळ्यांनी लख्ख पाहावं ही साधी हौसही असते. ही हौस आपल्याकडे जुनी आहे. सोळाव्या शतकात अकबर बादशहाने त्याच्या आवडत्या हमजाच्या दास्तानीची सुमारे चौदाशे मोठी चित्रं कापडावर करवून घेतली. त्या कामाला पंधराएक वर्षं लागली. चित्राच्या पाठीमागे कथेचा मजकूर लिहिलेला असे. म्हणजे शब्द आणि चित्र यांचं जन्माचं वैर आहे असं मुळीच नाही.

मग भीती कसली? मला वाटतं, ती तीन प्रकारची असते.

पहिली भीती काटछाटीची. पुस्तक हजारावर पानांचं. पीटर जॅक्सन या न्यूझीलंडच्या दिग्दर्शकाने त्याचे तीन चित्रपट केले. २००१, २००२ आणि २००३ अशी तीन वर्षं ते ओळीने आले. तिन्ही मिळून चित्रपटगृहातली लांबी नऊ तासांवर जाते. तरीही बरंच गळालं. रानात राहणारा, गाणी म्हणणारा टॉम बॉम्बाडिल गेला. शेवटी नायक गावी परततात तेव्हा गावही उद्ध्वस्त झालेलं असतं आणि ते पुन्हा उभं करावं लागतं, ते प्रकरणही गेलं. अनेक वाचकांना ही दुसरी काटछाट जास्त लागली. युद्ध दूर कुठेतरी होतं आणि आपलं अंगण सुरक्षित राहतं, असं टॉल्किन मानत नव्हते. ते स्वतः पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेले होते.

गंमत अशी की काटछाटीबद्दल टॉल्किन यांचं स्वतःचं मत चाहत्यांपेक्षा व्यवहारी होतं. १९५८ साली एका अमेरिकन कंपनीची पटकथेची रूपरेषा त्यांच्याकडे आली. लढायांचा अतिरेक, सगळीकडे घाई, पात्रांना उचलून नेण्यासाठी ऊठसूट गरुड, हे पाहून ते चिडले. तपशीलवार पत्र लिहून त्यांनी चुका दाखवल्या. पण त्याच पत्रात त्यांचं एक सूत्र दिसतं. वेळ कमी असेल तर सगळंच थोडंथोडं चेपू नका, एखादा प्रसंग पूर्ण काढा आणि उरलेल्याला नीट श्वास घेऊ द्या. चालत्याबोलत्या झाडांचा भाग आणि डोंगरी किल्ल्यावरची मोठी लढाई यांतलं एकच ठेवता येणार असेल, तर लढाई गाळा, असं त्यांनी सुचवलं होतं. पुढे जॅक्सन यांच्या दुसऱ्या चित्रपटाचा कळस झाली ती नेमकी हीच लढाई. ती रात्रीची लढाई पाहायलाच लोकांनी गर्दी केली. लेखक आणि दिग्दर्शक एकाच पुस्तकाकडे किती वेगळ्या डोळ्यांनी बघतात, त्याचं हे उदाहरण.

दुसरी भीती बदलाची. गाळलेलं निदान पुस्तकात तरी शाबूत राहतं. बदललेलं मात्र पुस्तकाच्या नावाने लोकांच्या डोक्यात जाऊन बसतं. चित्रीकरण चालू असताना बातमी फुटली, की पुस्तकात मोजक्याच वेळा दिसणारी राजकन्या आर्वेन चित्रपटात तलवार घेऊन त्या किल्ल्याच्या लढाईत उतरणार. चाहत्यांनी गदारोळ केला. तसे प्रसंग खरोखर चित्रित झालेले होते, ते शेवटी वगळण्यात आले. म्हणजे वाचकांची भीती अगदीच बिनबुडाची नसते आणि कधीकधी ती ऐकलीही जाते.

पण सगळ्यात मोठा बदल शेवटाकडे आहे आणि त्याबद्दल त्यामानाने कमी बोललं जातं. पुस्तकात फ्रोडो अग्निपर्वताच्या कड्यावर पोचतो आणि ऐनवेळी हरतो. अंगठी टाकवत नाही, तो ती आपलीच म्हणतो. मग त्या अंगठीपायी आयुष्यभर झुरलेला गोल्लम झडप घालतो, फ्रोडोचं बोट तोडून अंगठी मिळवतो आणि आनंदाने नाचता नाचता तोल जाऊन खाली पडतो. जग वाचतं ते कुणाच्या पराक्रमाने नाही. पूर्वी कुणीतरी या गोल्लमला मारण्याची संधी असूनही दया दाखवून सोडलेलं असतं, म्हणून वाचतं. चित्रपटात फ्रोडो पुन्हा त्याच्यावर तुटून पडतो आणि झटापटीत दोघेही कड्यावरून कोसळतात. फ्रोडो लोंबकळत राहतो, गोल्लम आगीत जातो. पडद्यावर हे जास्त थरारक दिसतं, यात वाद नाही. पण तोल जाणं आणि ढकललं जाणं यात पुस्तकाचा सगळा अर्थ आहे. इथे मी भाचीच्या बाजूचा आहे.

बदलाचं याहून बोचरं उदाहरण अर्सुला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेचं. १९६८ साली आलेल्या त्यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे. त्या जगातले बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत आणि लेखिकेने ते विचारपूर्वक केलं होतं. २००४ साली दूरचित्रवाणीवर त्याची मालिका आली, तेव्हा गेड गोरा झालेला होता. ल ग्विन यांनी जाहीर लेख लिहून निषेध केला. जादूगार म्हटला की गोराच, असं मानणाऱ्या पुस्तकांच्या गर्दीत एखाद्या सावळ्या मुलाला आपल्या रंगाचा नायक भेटला होता. पडद्याने तोही काढून घेतला. अशा वेळी चाहत्यांच्या तक्रारीला हट्ट म्हणता येत नाही.

तिसरी भीती मात्र उत्तम चित्रपटालाही चुकवता येत नाही. ती चेहऱ्याची. टॉल्किन यांनी १९३९ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिलं होतं. ते पुढे विस्तारून छापलं गेलं. त्यात त्यांचा एक मुद्दा असा, की चित्र किंवा नाटक एकच दृश्य रूप समोर ठेवतं, शब्द मात्र प्रत्येकाच्या मनात जाऊन त्याचं त्याचं रूप घेतो. माझ्या भाषेत सांगायचं तर, मी 'डोंगर' म्हटलं की रत्नागिरीच्या श्रोत्याला हिरवा, धुक्यातला डोंगर दिसेल. आम्हा सोलापूरकरांना तुळजापूरच्या वाटेवरचा उघडा, तापलेला घाट दिसेल. लिहिणाऱ्याने एकच शब्द लिहिला, डोंगर झाले दोन. कॅमेरा त्यांतला एकच दाखवू शकतो.

हे मला पुस्तकातून पटलं नसतं, ते अनुभवाने पटलं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका कवितेला एका गायकाने चाल लावली. कविता अम्मीवरची. रात्री उशिरापर्यंत ती शिलाई मशीनवर बसायची. त्या मशीनची लय कानात धरून मी ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटच्या कडव्यात मशीन थांबतं. गायकाने चाल संथ लावली, गोड लावली, आणि कार्यक्रमाला वेळ कमी म्हणून शेवटचं कडवं गाळलं. लोकांनी डोळे पुसले. कार्यक्रमानंतर चारजण येऊन हातात हात घेऊन गेले. मी रागावणार कुणावर? माझी कविता एका संध्याकाळी जितक्या लोकांपर्यंत पोचली, तितकी छापील पुस्तकातून कधीच पोचली नव्हती. पण त्या दिवसापासून ती कविता मी मनात म्हणायला घेतली की ती चालच आधी येते. अम्मीचं मशीन मला ऐकू येत नाही. खूप प्रयत्न केला तर एखाददुसरी ओळ लागते.

भाचीच्या सॅमचं तेच झालं. चित्रपट आपल्याकडे लागला तेव्हा मी मुद्दाम पुण्याला गेलो, बहीण आणि मेहुणेही आले. तीन तास आम्ही चौघे हललो नाही. ज्या गावाची मी शब्दकोशात बोट घालून कल्पना केली होती, ते हिरवं गाव समोर होतं. त्या गावातल्या बागा आणि भाज्या चित्रीकरणाच्या वर्षभर आधी लावल्या होत्या, म्हणजे ते नुकतं उभारलेलं दिसू नये, रुळलेलं दिसावं. ॲलन ली आणि जॉन हाऊ हे टॉल्किन यांच्या जगाची चित्रं काढणारे दोन नामवंत चित्रकार. जॅक्सन यांनी त्यांनाच कामाला घेतलं होतं. सारुमानची भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली हे पुस्तक दरवर्षी वाचत आणि तरुणपणी टॉल्किन यांना भेटलेही होते. म्हणजे पडद्याच्या पलीकडेही चाहतेच उभे होते आणि ते जाणवत होतं. बाहेर पडल्यावर माझी बहीण मुलीला म्हणाली, "हे वाचत होतीस होय?" त्या एका वाक्यासाठी चित्रपट निघायला हवा होता, असं मला वाटलं.

आठवड्याने भाचीचा फोन आला. "मामू, माझा सॅम गेला." तिचा सॅम तिच्या शाळेतल्या माळीकाकांसारखा होता. आता पुस्तक उघडलं की पडद्यावरचा नटच समोर येत होता. तो नट चांगला होता, वाईट असता तर कदाचित इतका चिकटला नसता.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना आवडेल अशी एक गोष्ट इथे सांगायला हवी. १९८१ साली बीबीसीने याच कादंबरीची श्राव्यमालिका केली होती. अर्ध्या-अर्ध्या तासाचे सव्वीस भाग, म्हणजे तेरा तास. तिन्ही चित्रपटांहून जास्त. टॉम बॉम्बाडिल त्यांनीही गाळला होता. पण वाचकांच्या मनात ती मालिका प्रेमाची जागा धरून आहे. मला वाटतं, याचं एक कारण असं, की रेडिओ आवाज देतो आणि चेहरा ऐकणाऱ्यावर सोडतो. त्या मालिकेत फ्रोडोचा आवाज दिला होता इयान होम यांनी. वीस वर्षांनी जॅक्सन यांच्या चित्रपटात तेच फ्रोडोचे वडीलधारे नातलग बिल्बो झाले. जुन्या श्रोत्यांना त्यात केवढा आनंद झाला असेल!

मग माध्यमांतर चांगलं कधी म्हणायचं? प्रसंग मोजून हे ठरत नाही. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाची 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' ही कादंबरी १९७९ साली आली आणि १९८४ साली तिच्यावर चित्रपट निघाला. त्यात कथा जवळजवळ अर्ध्यावर थांबवली होती. स्वप्नांच्या राज्यात गेलेल्या मुलाला तिथून परतण्यासाठी काय किंमत मोजावी लागते, ते दुसऱ्या अर्ध्यात होतं. एंडे न्यायालयात गेले, हरले. चित्रपट लोकप्रिय झाला, तरी लेखकाला आपला जीव त्यात सापडला नाही. याच्या उलट 'द हॉबिट'. टॉल्किन यांचं हे मुलांसाठीचं पुस्तक तीनेकशे पानांचं. २०१२ ते २०१४ या काळात जॅक्सन यांनी त्याचेही तीन चित्रपट केले. काटछाट सोडाच, भरच घातली. तरी अनेक चाहते म्हणाले, पाणी फार झालं. म्हणजे कमी केल्यानेच बिघडतं असं नाही आणि सगळं ठेवल्याने साधतं असंही नाही. पुस्तक कशाबद्दल दुःख करतं, हे दिग्दर्शकाला कळलं असेल तर बाकीचं वाचक सोसतो.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या चित्रपटाला २००४ साली अकरा ऑस्कर मिळाले, जितकी नामांकनं तितकी सगळी. आणि त्याच चित्रपटांबद्दल लेखकाचे पुत्र ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी २०१२ साली एका फ्रेंच वृत्तपत्राशी बोलताना दुःख व्यक्त केलं, की पुस्तकाचा गाभा काढून त्याचा तरुणांसाठी मारधाडपट केला. त्यांनी वडिलांची हस्तलिखितं लावण्यात आयुष्य घालवलं होतं. एवढी अकरा बक्षिसं त्यांच्या एका दुःखाची भरपाई करू शकत नव्हती. मी दोन्ही बाजू खऱ्या मानतो. लोकांना मिळालं तेही खरं आणि मुलाने गमावलं तेही खरं.

ही ओढाताण संपणारी नाही. गोल्लमची भूमिका गाजवणारे अँडी सर्किस यांच्या दिग्दर्शनाखाली गोल्लमवरच नवा चित्रपट करण्याची घोषणा २०२४ साली झाली. मराठीतही या कादंबरीचा अनुवाद झाला आहे. नवे वाचक येतील, नव्या भीती येतील. त्यांना माझं एकच सांगणं आहे. जमेल तर आधी वाचा. आणि वाचताना जो दिसेल त्याचं वेडंवाकडं का होईना, चित्र काढून ठेवा. चित्रपट त्यानंतर खुशाल पाहा.

माझी भाची आता चाळिशीत आहे. तिने हे पुस्तक पुढे विकत घेतलं. तिचा नऊ वर्षांचा मुलगा सिनेमा दाखव म्हणून मागे लागला होता. ती रोज रात्री त्याला चार पानं आमच्या घरच्या बोलीत सांगते आणि पुस्तक संपल्याशिवाय सिनेमा नाही, असं तिने ठरवून टाकलं आहे. परवा तिने फोनवर मला त्याने काढलेलं गोल्लमचं चित्र पाठवलं. पाय बेडकाचे आणि तोंड आमच्या सोलापूरच्या घरी येणाऱ्या एका डोळ्याच्या मांजरीचं. पडद्यावरचा गोल्लम याच्याहून कितीतरी सरस आहे, मी पाहिला आहे. मी भाचीला एवढंच विचारलं, "हा कागद ठेवलास कुठे?"

ती म्हणाली, "पुस्तकातच ठेवलाय मामू, माझ्या सॅमच्या शेजारी."